परभणीत राहून समुद्रातल्या जैवविविधतेवर प्रोजेक्ट करायचाय, कुठून सुरू करू?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, एमएस्सी झूलॉजी शेवटचं वर्ष. हौसेनं विषय घेऊन बसलो, "प्रदूषण आणि माणसाचा वावर याचा किनाऱ्यावरच्या जीवांवर परिणाम", आणि आता डोक्याला हात लावून बसलोय. गाईड सर म्हणायलेत मालवणला चार दिवस जाऊन या, सापडतील ते शंख शिंपले खेकडे बरणीत घालून आणा, ओळखा, यादी करा, शॅनन इंडेक्स (किती प्रजाती आणि त्यांची वाटणी कशी, याचा एक आकडा) काढा, झालं काम. सीनियर पोरांचे जुने प्रोजेक्ट चाळले तर सगळ्यात तेच, आधी यादी, मग शॅनन, मग शेवटी "जनजागृती करणे गरजेचे आहे".

मला कळंना झालंय ते हे, की एकदा जाऊन मोजलेल्या आकड्यावरून किनारा बिघडलाय का धडधाकट हाय हे समजतं कसं, आधी तिथं काय होतं हेच ठाऊक नसताना? दुसरं म्हणजे पैसा. बोट, तळाचा चिखल उचलायचा ग्रॅब वगैरे आपल्या बापाच्यानं होणार नाही. आणि तिसरं, समुद्रापासून एवढ्या लांबच्या पोरानं हे करण्यात काही अर्थ हाय का, का गपगुमान गोदावरीतले मासे मोजावेत? हसू नका, खरंच विचारायलोय.

वसमतचा_वाघ

जगात जर्मनी, भारतात परभणी, आता समुद्र पण आणा परभणीतच 😀 नळाला पाणी कधी येतंय ते आधी मोज भावा

ओहोटीवेळ

वाघ, जरा दम धर, पोरगं कामाचं विचारतंय.

मी मूळ नांदेडचा, आता मुंबईत नोकरी, सुट्टीच्या दिवशी खडकांवर फिरून जीव बघायचा नाद आहे, त्यामुळे जे करून बघितलंय तेवढंच सांगतो, सगळ्यातलं कळतं असं नाही.

पहिली गोष्ट, मालवण कशाला? प्रश्न प्रदूषणाचा आहे ना, मग जिथे सांडपाणी येतं तिथे जा. परभणीवरून देवगिरी एक्सप्रेसला बसलास की सकाळी मुंबईत उतरतोस, त्या दिवशीची संध्याकाळची ओहोटी आरामात गाठता येते. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पडते, त्यातली कुठली जास्त खाली जाते ते टाइड टेबलमध्ये बघून तारीख ठरव. बोट नको, काही नको. लोकांना वाटतं मुंबईच्या समुद्रात काळं पाणी आणि प्लास्टिक सोडून काही नाही, पण हाजी अली, वरळीच्या खडकांवर चक्क प्रवाळ आहेत, कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये त्यातले काही उचलून दुसरीकडे लावले ते पेपरात आलंच होतं. मरीन लाइफ ऑफ मुंबई म्हणून लोकांनी २०१७ पासून किनाऱ्यावर फिरून नोंदी ठेवलेल्या आहेत, फोटोसकट, त्या आधी चाळून घे म्हणजे डोळा तयार होतो.

आता मोजायचं कसं. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाजूची चौकट घे, आत सुतळी ताणून पंचवीस खण कर. खर्च म्हणशील तर एका चहा-नाश्त्याचा. किनाऱ्याला समांतर दोरी टाकायची, चिठ्ठ्या काढून जे आकडे येतील तेवढ्या अंतरावर चौकट ठेवायची. इथेच सगळी पोरं घसरतात, कारण हात आपोआप जिथे जास्त जीव दिसतात तिथे चौकट टाकतो आणि मग यादी गच्च भरते पण आकड्याला काही किंमत राहत नाही. वरच्या पट्ट्यात बारीक लिटोरिना शंख, मध्ये बार्नॅकल (खडकाला चिकटलेले बारीक कवचवाले जीव) आणि कालवं, खाली झोॲन्थिड (गालिच्यासारखे पसरणारे, प्रवाळाचे भाऊबंद), शेवाळ, प्रवाळ असे थर असतात, प्रत्येक थराच्या चौकटी वेगळ्या लिहायच्या, एकत्र कालवायच्या नाहीत. शंख मोज, आणि झोॲन्थिड किंवा शेवाळासारखं जे पसरलेलं असतं त्याने किती खण व्यापलेत तेवढं लिही.

शॅननबद्दल तुझी शंका एकदम बरोबर आहे. समज एका जागी दहा प्रजाती सारख्या संख्येने आहेत, दुसऱ्या जागीही दहाच, सारख्याच, दोन्हीकडे शॅनन २.३०. पण पहिल्या ठिकाणी घाण सहन न होणारे जीव आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी कॅपिटेलासारखे घाणीतच पोसणारे किडे. आकडा तोच, किनारा वेगळा. कोण आहे हे शॅननला विचारताच येत नाही, तो फक्त किती आणि कशी वाटणी एवढंच सांगतो. म्हणून स्पेनमधल्या एझेडटीआय या सागरी संशोधन संस्थेतल्यांनी २००० साली एएमबीआय म्हणून इंडेक्स काढला, त्यात चिखलातल्या जीवांचे संवेदनशील ते निगरगट्ट असे पाच गट पाडलेत. पियर्सन-रोझेनबर्ग यांचा १९७८ चं जे मॉडेल आहे ते तर वाचच, सेंद्रिय घाण थोडी वाढली की सुरुवातीला जीव उलट वाढतात, मग प्रजाती गळत जातात आणि शेवटी दोनचार जातींचेच ढीग उरतात, त्यानंतर काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा चिखल. म्हणजे संख्या जास्त दिसली म्हणून किनारा चांगला असं मुळीच नाही.

आणि एकदा जाऊन मोजणं म्हणजे बाजारच्या दिवशी गावातली माणसं मोजून गावची लोकसंख्या सांगण्यासारखं आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर, तीच जागा, तीच पद्धत, निदान एवढं तरी कर. फार खोलात न जाता पण नीट, असा प्रोजेक्ट असला तर पुढचा कोणी त्याच जागी येऊन पुन्हा मोजू शकतो. "आधी काय होतं" हे असंच तयार होतं, कोणीतरी आज लिहून ठेवलं की.

ब्युरेट

वरच्यांनी जीवांचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. लातूरकडं कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळं दरवर्षी झूलॉजीची पोरं टूरवरून बिसलेरीच्या बाटलीत समुद्राचं पाणी घेऊन येतात आणि म्हणतात सर डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) काढून द्या. अरे बाबांनो, बाटलीतल्या पाण्याचा ऑक्सिजन रेल्वेच्या डब्यातच बदलून गेला, आता कशाचा काढू? डीओ जागेवरच बांधायचा असतो. काचेच्या बुचाची बाटली, आत बुडबुडा राहता कामा नये, लगेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घाला, तपकिरी साका खाली बसला की समजायचं ऑक्सिजन अडकला, पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजनच नाही. मग टायट्रेशन लॉजवर केलं तरी चालतं, बाटली फक्त अंधारात ठेवा.

सीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्या चाचणीच्या, नादी लागू नको. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की डायक्रोमेट त्यालाच खात बसतं आणि आकडा फुगून येतो. कितीतरी रिपोर्टात असले फुगलेले सीओडी बघितलेत, आणि त्यावरून "तीव्र प्रदूषण" असा निष्कर्ष! बीओडी कर, म्हणजे जिवाणूंना घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो ते, आपल्याकडं २७ अंशाला ३ दिवसांचा करतात.

तुलना करायला सीपीसीबीचे (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) किनाऱ्याच्या पाण्याचे वर्ग आहेत, एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५. आंघोळीचा किनारा म्हणजे एसडब्ल्यू-२, त्यात डीओ लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर पाहिजे, बीओडी ३ च्या आत, आणि विष्ठेतले कॉलिफॉर्म जिवाणू १०० मिलीत १०० च्या आत. प्रदूषण मंडळाचे आकडे ऑनलाइन बघायला मिळतात, ते पण घे.

एक सांगायचं राहिलं. नाल्याच्या तोंडाशी जीव कमी दिसले तर लगेच प्रदूषण प्रदूषण करू नको. नाल्याचं पाणी गोडं असतं, खारटपणा उतरला की बरेच समुद्री जीव तसेही तिथं टिकत नाहीत, नाला अगदी स्वच्छ असला तरी. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) मिळव कुठूनतरी आणि प्रत्येक चौकटीच्या वेळी खारटपणा लिही, भरती चालू होती का ओहोटी ते पण लिही. तेवढा एक रकाना नसला तर व्हायवाला बाहेरचा परीक्षक चाणाक्ष निघाला की तू गेलास.

दुधनाकाठ

लय लय आभार. एवढं तर क्लासमध्ये पण कोणी सांगितलं नव्हतं. पण सरांचं म्हणणं असं पडतंय की बरणीत नमुने दिसले पाहिजेत, म्यूझियमला लागतात, आणि यादी शंभराच्या पुढं गेली तर व्हायवात वजन पडतं. त्यांना काय सांगू?

खाडीपलीकडचो

मी मालवणचो, मराठवाड्याच्या धाग्यावर येऊन बोलतंय म्हणून रागावू नका, पण बरणी वाचून राहवलं नाही.

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत कॉलेजच्या बसेस येतात. पोरं खडकावर उतरतात, दगड उलथे करून बघतात आणि तसेच टाकून जातात. दगडाखाली जे चिकटलेलं असतं ते उन्हात वाळून मरतं आणि दगडावरचं जे असतं ते खाली दबून मरतं. दगड उचललास तर जसा होता तसा परत ठेव, एवढं जरी सगळ्यांनी केलं ना तरी आमच्यावर उपकार होतील. माणसाचा वावर म्हणून जो तू मोजायला निघालास त्यात या टूरा पण धर.

आणि कायदा. प्रवाळ, समुद्री काकडी, समुद्री घोडा हे सगळं वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, मेलेला प्रवाळाचा तुकडा उचलला तरी वनखातं विचारू शकतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच येतात. तिथे परवानगीशिवाय बरणी उघडायची नाही. तुझ्या सरांना सांग की फोटो, जीपीएस आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवरची नोंद ही पण नमुनाच आहे, आणि ती शंभर वर्षांनी फॉर्मॅलिनमध्ये पांढरी पडत नाही.

अभयारण्याचं पण ऐकून ठेव. कागदावर झालं, पण जे पिढ्यान् पिढ्या तिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात त्यांना विचारून झालं नाही अशी इथल्या लोकांची भावना, म्हणून विरोध झाला तो अजून पुरता गेलेला नाही. उलट रत्नागिरीतल्या वेळासला बघ, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी गावकऱ्यांना धरून कासवाची घरटी राखली, पर्यटक आले, गावाला पैसे मिळाले, आता कोणी अंडी चोरायला आला तर गावच त्याला पळवून लावील. किंवा ती जाळ्याची भरपाई, देवमाशासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडला तर २५ हजारापर्यंत मिळतात. जाळं काय फुकट येत नाही हो. नुसतं "मच्छीमारांमध्ये जनजागृती करावी" लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे की जागे आम्ही पहाटे तीनपासूनच असतो.

खरा त्रास कुठला विचारशील तर मोठे ट्रॉलर, पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढा घालणारं जाळं) आणि एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी. पावसात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती आम्ही पाळतो, बाहेरचे येऊन घुसतात. २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या माशांचे किमान आकार ठरवले, त्यापेक्षा बारीक पकडायचे नाहीत म्हणून. चांगलं केलं, पण बाजारात उभं राहून पट्टी लावून बघणारा कोण? हाच प्रोजेक्ट कर की तू. बंदरावर सकाळी लिलावाला उभा राहा, पापलेट बांगडा मोज, लांबी लिही. खडकावर घसरून पडण्यापेक्षा बरं.

नाथसागरी

मी पैठणचा, आमचं घर भोयाचं, धरणावर मासेमारी. शिक्षण बारावी, पण वाचतो सगळं इथं.

पोरा तू शेवटी जे विचारलं ना का गोदावरीतले मासे मोजू, ते तू चेष्टेत लिहिलं पण त्यातच तुझा समुद्र आहे. आमचा आजा सांगायचा अहीर मासा, सापासारखा लांब, हाताएवढ्या जाडीचा मिळायचा. मी म्हणायचो म्हातारा फेकतोय. मग एकदा मत्स्य खात्यातल्या एका साहेबाने सांगितलं की अहीर जन्मतो समुद्रात आणि वाढायला नदीत चढतो, अंडी घालायला पुन्हा समुद्रातच जातो. आता बघा, बंगालच्या उपसागरापासून पैठणपर्यंत मध्ये किती धरणं, धवळेश्वरम, पोचमपाड, बाभळी, विष्णुपुरी, वरून आमचं जायकवाडी १९७६ चं. कुठून चढणार तो? आता जाळ्यात चिलापी (बाहेरून आलेला तिलापिया मासा) येते, ढीगच्या ढीग, भाव नाही काही नाही. आपल्या मूळच्या माशांची पिल्लं आधी रोज दिसायची, आता विचारावं लागतं दिसलं का रे कुणाला.

म्हणजे समुद्र लांब आहे असं नाही. मराठवाड्यातलं बहुतेक पाणी गोदावरीत आणि तिथून आंध्रात काकीनाड्याकडं जातं. नांदेडचं गटार पण तिकडंच जातं. कोकणात नाही जात. तुम्ही सगळे त्या पोराला कोकणातच पाठवायलेत.

ओहोटीवेळ

नाथसागरी दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मानलं. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं कांदळवन आहे, १९७८ पासून अभयारण्य, आणि तिथे गोडं पाणी आणि गाळ किती पोचतो यावर कांदळवनाचा सगळा खेळ. वर धरणात गाळ अडकला की खाली त्रिभुज प्रदेशाची भर थांबते. पुलसा म्हणून जो मासा आंध्रात सोन्याच्या भावात विकतात तो पण समुद्रातून गोदावरीत चढणाराच, आणि तो धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी अडतो.

आजोबांच्या आठवणीबद्दल एक गोष्ट. डॅनियल पॉली म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९५ मध्ये हेच मांडलं की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे बघितलं तेच मूळ धरून चालते, त्यामुळे घसरण कोणालाच पूर्ण दिसत नाही. म्हणून मच्छीमारांच्या मुलाखती वयाप्रमाणे घ्यायच्या, तिशीतले वेगळे, सत्तरीतले वेगळे, सगळ्यांना तेच प्रश्न, आधी कुठला मासा मिळायचा जो आता नाही, शेवटचा कधी बघितला, सगळ्यात मोठा केवढा होता. सत्तरीतल्यांनी दहा नावं घेतली आणि तिशीतल्यांना त्यातली चार माहीतच नाहीत, तर हा पण डेटा आहे.

पण दुधनाकाठ, एक सावध करतो. हे तीन वेगळे प्रोजेक्ट झाले. खडक, बाजार, नदी. तिन्ही थोडं थोडं करशील तर पुन्हा तीच गत, यादी आणि शॅनन.

वसमतचा_वाघ

मी चेष्टा केली ती मागं घेतो. नाथसागरींची पोस्ट वाचून गप झालो. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे बरं का, आपल्या मराठवाड्यातच, मासे ओळखायला कोणी लागलं तर तिथं जाऊन विचार, कोकणात कशाला

दुधनाकाठ

मंडळी काल सरांशी बोललो. बरणीचा हट्ट सोडला त्यांनी, कायद्याचं सांगितल्यावर जरा चपापलेच. गोदावरीवर पण बोलणं झालं, ते म्हणाले मुलाखतींचं पुढं पीएचडीला बघू, आता एकच धर. मग खडकच धरलाय. नाल्याजवळचा एक किनारा आणि लांबचा एक, प्रत्येकी दहा चौकटी, पावसाळ्यानंतर आणि पुन्हा मे मध्ये. चालेल ना? आणि दोन्ही किनारे एकाच ओहोटीत उरकायचे का?

ब्युरेट

एक आणि एक नको. घाणेरड्याकडच्या दहा चौकटी म्हणजे दहा घाणेरडे किनारे नव्हेत, तो एकच किनारा दहा वेळा बघितलास. हर्लबर्ट नावाच्या पर्यावरणशास्त्रज्ञानं १९८४ ला याच गोष्टीवरून सगळ्यांचे कान उपटलेत. निदान तीन जागा नाल्याजवळच्या आणि तीन लांबच्या पाहिजेत, चौकटी कमी कर हवं तर, सहा चालतील.

ओहोटीवेळ

बरोबर. आणि सहाही जागा बेसाल्टच्याच घे, मुंबईत आणि फार तर अलिबाग-रेवदंड्यापर्यंत. मालवण त्यात घुसडू नको, तिथला खडक वेगळा, आणि इथे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं, तिथे त्याच्या निम्म्याच्या आसपास, मग फरक प्रदूषणाचा का भरतीचा ते सांगता येणार नाही. आणखी एक, वरळी आणि बांद्र्याचं सांडपाणी पाइपने तीन किलोमीटरच्या पुढे आत नेऊन सोडतात, त्यामुळे नकाशात पंपिंग स्टेशन दिसलं म्हणून तो किनारा घाण असं धरू नको, उघडे नाले कुठे उतरतात ते चालत जाऊन बघ.

एका ओहोटीत एकच जागा होते, फार तर दोन, शेजारी असतील तर. पाणी सगळ्यात खाली जायच्या तासभर आधी उतरायचं, वरच्या थरापासून सुरू करून पाण्यामागे खाली जायचं, आणि पाणी फिरलं की निघायचं, चौकट अर्धी राहिली तरी. शेवाळावर रबरी सोलचे जुने बूट घाल, चप्पल नको, आणि एकटा जाऊ नको. नाल्याजवळचे तीन आधी आणि लांबचे तीन नंतर असं पण करू नको, आलटून पालटून घे, नाहीतर उधाण उतरत जाईल तसा लांबच्या जागांचा खालचा थर पाण्यातच राहील आणि तुला वाटेल तिथे जीवच कमी आहेत.

नोंदीचा कोरा तक्ता करून इथे टाक, जायच्या आधी. रकाने बघून सांगतो काय राहिलंय ते.